रात्रीच्या रोजावरचा नट

२०२३ च्या जानेवारींत पद्म पुरस्कारांची यादी प्रसिद्ध झाली, तींत गडचिरोली जिल्ह्याचे श्री. परशुराम खुणे यांचें नांव होतें. झाडीपट्टी रंगभूमीवरील नट म्हणून त्यांस ‘पद्मश्री’ मिळाली. यादीबरोबर जी अल्पशी माहिती देण्यांत आली तींत दोन आंकडे होते: प्रयोग पांच हजारांहून अधिक, भूमिका आठशें. वृत्तपत्रांनीं ते छापले, वाचकांनीं ‘अबब’ म्हटलें, आणि प्रकरण तेथेंच मिटलें. आम्ही पेशानें इंग्रजीचे अध्यापक. गणिताशीं आमचें सख्य कधींच नव्हतें. तथापि त्या दिवशीं आम्हीं एक साधा भागाकार केला. पांच हजारांस आठशेंनीं भागिलें असतां उत्तर सव्वासहा येतें. म्हणजे या नटानें एकेक भूमिका सरासरीनें सहा वेळां केली आणि ती बाजूस ठेवून पुढली घेतली. आंकडे ढोबळ असतील, आणि सरासरीच्या पोटांत पुष्कळ गोष्टी दडतात हेंहि आम्ही जाणतों. एखादी भूमिका शंभर वेळां झाली असेल, दुसरी एकाच रात्रीं उगवून मावळली असेल. तरी हा भागाकार आमच्या मनांतून जाईना. कारण त्याच्या दोनच महिने आधीं, २०२२ च्या ६ नोव्हेंबरला, श्री. प्रशांत दामले यांनीं मुंबईस आपला बारा हजार पांचशेंवा प्रयोग केला होता, आणि त्याचें कौतुक आम्हीं वर्गांत मुलांपुढें केलें होतें. दामल्यांचे ते प्रयोग मोजक्या नाटकांत वांटलेले आहेत. एकच भूमिका शेंकडों वेळां करून ती त्यांनीं आरशासारखी लखलखीत केली. इकडे थोड्या भूमिका व अगणित प्रयोग, तिकडे अगणित भूमिका व थोडे थोडे प्रयोग. हे दोन निरनिराळे धंदे आहेत. आमच्या समीक्षेनें मात्र आजवर पहिल्याचेंच माप दुसऱ्यास लाविलें, आणि तें तोकडें पडलें म्हणून दुसऱ्यास हिणविलें.

या दोषाचे भागीदार आम्हीहि आहों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका व्याख्यानांत ‘झाडीपट्टीचा नट गळ्यानें अभिनय करतो’ असें एक वाक्य आम्हीं टाकलें होतें. टाळ्या पडल्या. टाळी पडलेलें वाक्य मागें घेणें फार जड जातें. म्हणूनच तें आज लेखी मागें घेत आहों.

इंग्रजींत ‘जर्नीमन’ असा एक शब्द आहे. पुष्कळांस तो प्रवासावरून आला असें वाटतें, आणि आमचे विद्यार्थी त्याचें भाषांतर ‘भटक्या’ असें करून मोकळे होतात. वस्तुतः त्याचें मूळ फ्रेंच भाषेंतील ‘दिवस’ या अर्थाच्या शब्दांत आहे. उमेदवारी संपवून ज्याच्या हातीं कसब आलें, पण ज्याला स्वतःचें दुकान घालतां आलें नाहीं, असा दिवसाच्या रोजावर राबणारा कारागीर तो जर्नीमन. अलीकडे हा शब्द खेळाडूंस फार लावितात. कॅनडा व अमेरिका या देशांत बर्फावर खेळावयाच्या हॉकीचा मोठा व्यवसाय आहे. १९१७ सालीं स्थापन झालेली नॅशनल हॉकी लीग ही तेथली शिखरसंस्था. तिच्या खालीं १९३६ पासूनची अमेरिकन हॉकी लीग, आणि तिच्याहि खालीं १९८८ पासूनची दुसरी एक. वरच्या संघांत कोणी जायबंदी झाला म्हणजे खालच्यास रातोरात बोलावणें येतें. तो बरा झाला कीं ह्याची पाठवणी. माइक सिलिंजर नांवाच्या खेळाडूनें या शिखरसंस्थेंत सतरा हंगाम काढले आणि तेवढ्यांत तो बारा संघांकडून खेळला. बारा गांवें, बारा बिऱ्हाडें, बारा वेळां नवे सोबती. त्याला कोणी फार मोठा म्हणत नाहीं. पण बारा मालकांनीं ज्याला आपणहून घेतलें त्याच्या अंगीं कांहीं कसब असलें पाहिजे हें उघड आहे.

चंद्रपूरच्या रानांत हा बर्फ कशाला, असें वाचक विचारील. त्याचें कारण एवढेंच कीं या खेळाडूचा सख्खा भाऊ आम्हांस वडशास भेटला.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांतील झाडांनीं भरलेला मुलूख तो झाडीपट्टी. येथें भाताचें पीक होतें. दिवाळीच्या सुमारास धान कापणीस येतो, लोकांच्या हातीं चार पैसे खुळखुळूं लागतात, आणि मंडईपासून नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत व कधीं त्याच्याहि पुढें चालतो. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वडसा, म्हणजे सरकारी कागदांतलें देसाईगंज, हें या धंद्याचें पेठेचें ठिकाण. येथें नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. गांवोगांवचीं मंडळें येथें येतात, नाटक ठरवितात, इसार देतात. गांवीं दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रीं नाटक, अशी जुनी जोडी आहे. २०१४ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें शर्यती बंद पडल्या, त्या २०२१ च्या डिसेंबरांत सशर्त सुरू झाल्या व २०२३ सालीं कायम झाल्या. मधल्या काळांत पट नव्हता तरी नाटक होतें, यावरून दोहोंतलें कोणतें अधिक चिवट तें दिसून यावें. नाटकाच्या निमित्तानें लेकीबाळी माहेरीं येतात, पाहुण्यांनीं घरें भरतात, सोयरिकी जुळतात. तिकिटें लावून प्रयोग होतो, रात्रीं दहाच्या पुढें पडदा उघडतो आणि पुष्कळदां तांबडें फुटल्यावर पडतो.

अशा प्रयोगांत नटाला जो मोबदला मिळतो त्याला मराठी नाट्यव्यवसायांत सर्वत्र ‘नाइट’ म्हणतात. इंग्रजांचा कारागीर दिवसावर, आमचा नट रात्रीवर. किर्लोस्करांनीं १८८० सालीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून पुढें पन्नास वर्षें ज्या फिरत्या मंडळ्या महाराष्ट्रभर नांदल्या, त्यांतील नट पगारी असे. मंडळीची पंगत होती, बिऱ्हाड होतें, मालकाशीं भांडण होतें व समेटहि होता. त्या जीवनाचें उत्तम चित्र चिंतामणराव कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’ या आत्मचरित्रांत सांपडतें. बोलपट आले आणि त्या मंडळ्या एकामागून एक बसल्या. झाडीपट्टींत फिरती कायम राहिली, पंगत मात्र मोडली. जितक्या रात्रीं, तितका रोज. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी आली आणि पुढला हंगाम बहुतांशी बुडाला, तेव्हां या व्यवस्थेचा अर्थ घरोघर कळला.

आम्हीं पाहिलेला प्रयोग एका जानेवारींत वैनगंगेकांठच्या एका गांवीं झाला. त्या रात्रीं त्याच गांवांत दोन नाटकें होतीं. एकाचें गाणें दुसऱ्याच्या मरणप्रसंगांत ऐकूं येत होतें. नाटकाचें कथानक सांगण्यांत हशील नाहीं. थोरला मुलगा शेत विकूं पाहतो, धाकटी सून घर सांवरते, बापाचा जीव शेतांत अडकलेला. मध्येंच एक सावकार, एक विनोदी गडी, आणि अखेरीस पोलीस. बापाचें काम करणारे गृहस्थ पंचावन्नच्या पुढचे असावे. त्यांचें नांव आम्ही देत नाहीं. कंपनीशीं उगाच तंटा नको म्हणून तसें त्यांनींच सुचविलें. त्यांच्या कामांतील दोन स्थळें सांगतों.

या रंगमंचावर ध्वनिवर्धक वरून टांगलेले असतात. महत्त्वाचें वाक्य त्यांच्याखालीं येऊन म्हटलें नाहीं तर मागच्या हजार माणसांस तें पोंचत नाहीं. त्यामुळें बहुतेक नट बोलावयाची वेळ आली कीं सरळ पुढें चालत येतात, बोलतात, आणि मागें जातात. आम्हीं ज्याला पूर्वीं ‘गळ्याचा अभिनय’ म्हटलें तो हाच. या गृहस्थांनीं काय केलें? पहिल्याच प्रवेशांत त्यांनीं म्हाताऱ्याचा एक गुडघा दुखरा करून टाकला. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला उभें राहण्यास आधार लागतो, म्हणून तो पुढल्या खांबापाशीं येतो. ध्वनिवर्धक खांबाजवळच होता. चार तास तो म्हातारा त्या खांबापाशीं येत राहिला आणि एकदांहि ‘नट ध्वनिवर्धकाकडे आला’ असें वाटलें नाहीं. शेत विकल्याची बातमी येते तेथें मात्र ते खांब सोडून मागें गेले आणि पाठमोरे उभे राहिले, एक शब्द न बोलतां. इतका वेळ ज्याचा आवाज कानाशीं होता तो अकस्मात् दूर गेला. पुढच्या सतरंजीवर पेंगणारीं पोरें जागीं झालीं. धंद्याची अडचण हीच ज्याची कल्पना होते तो कसबी. पुण्यामुंबईच्या बंद नाट्यगृहांत, जेथें कुजबुजहि शेवटच्या रांगेला पोंचते, तेथें ही गोष्ट सुचण्याचें कारणच पडलें नसतें.

दुसरें स्थळ लहान आहे. सुनेचें काम करणारी मुलगी नवी होती. ती एका भाषणांत अडखळली आणि थांबली. विंगेंतून आलेली सूचना तिला ऐकूं गेली नाहीं. म्हाताऱ्यानें अंमळ वाट पाहिली, आणि तिचेंच वाक्य प्रश्न करून तिला परत दिलें: असें असें तुझ्या मनांत आहे ना, पोरी? मुलीनें मान हालविली आणि गाडी पुढें गेली. मुलीला न बोलतां आलें हेंच त्या प्रसंगीं अधिक खरें वाटलें. मागाहून आम्हीं याविषयीं छेडलें तेव्हां ते म्हणाले कीं आपण हा बाप चाळीसएक नांवांनीं केला आहे. कधीं तो पाटील असतो, कधीं मास्तर, कधीं हमाल. सुना मात्र दर हंगामास नव्या येतात.

या एका वाक्यांत आमच्या भागाकाराचें उत्तर आहे. आठशें भूमिका म्हणजे आठशें माणसें नव्हेत. तीं फार तर दहाबारा माणसें आहेत: सोशिक बाप, उर्मट मुलगा, कावेबाज सावकार, भोळा गडी. सहा प्रयोगांत नट नवी व्यक्ति घडवूं शकत नाहीं. तालमीस तेवढा अवसरहि नसतो. तो आपल्या पोतडींतला बाप काढतो आणि या गांवच्या, या रात्रीच्या अंगास बेतून देतो. इटलींतल्या जुन्या प्रहसनांत हेंच चाले, आणि कोंकणांतील दशावतारांतहि नट ठरलेल्या पात्राचें आयत्या वेळीं भाषण रचतो. मुंबईचा नट एकच भूमिका खोल खणतो. झाडीचा नट एकच माणूस चाळीस वेळां नव्या मातींत लावितो. दुसऱ्या कामांत खोली कमी, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्यांत जी तत्परता लागते, जें भान लागतें, तें मोजण्याची पट्टी आमच्यापाशीं नव्हती.

आतां स्तुतीच्या भरांत डोळे मिटून घेणें बरें नव्हे. त्या रात्रींच्या नाटकांत दोष ढीगभर होते. रडण्याचे प्रवेश दुप्पट लांब होते. बापाच्या त्या मौनानंतर पांच मिनिटांच्या आंत ज्या नाचाचा कथेशीं सुतराम् संबंध नाहीं असा नाच आला आणि केलेलें सारें धुवून गेला. विनोदी गड्याचीं द्वयर्थी वाक्यें ऐकतांना शेजारच्या आयाबायांनीं पदर तोंडाशीं धरले. हंसूं दाबण्यासाठीं कीं लाजेनें, तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पोलीस आले कीं सर्व प्रश्न सुटतात ही श्रद्धा नाटककारानें टाकून द्यावी. नाटककाराला हंगामापूर्वीं एकामागून एक नाटकें लिहून द्यावीं लागतात हें खरें. पण नवरगांवच्या सदानंद बोरकरांसारखे नाटककार व दिग्दर्शक याच मातींत काम करतात, तेव्हां ‘येथें असेंच चालतें’ ही सबब पुरी पडत नाहीं. शिवाय जाहिरातींत मुंबईहून आणलेल्या सिनेनटाचें नांव हातभर अक्षरांत आणि जो शंभर रात्रीं गाडा ओढतो त्याचें मुंगीएवढें. हें कंपनीचें गणित आहे, आणि गिऱ्हाईक त्याला बळी पडतें तोंवर तें चालेल.

आणखी एका गोष्टीविषयीं आमचें नागर रसिकांशीं भांडण आहे. ते झाडीपट्टीला प्रेमानें ‘लोककला’ म्हणतात. दंडार ही लोककला, तिच्यावर डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनीं मोलाचें काम केलें आहे, आणि आजचें नाटक तिच्याच अंगणांत वाढलें. पण नाटक हा धंदा आहे. त्यांत इसार आहे, नाइट आहे, गाडीभाडें आहे, बुडालेल्या बाक्या आहेत. धंदा करणाऱ्याला भाबडा लोककलावंत म्हटलें कीं त्याच्या पैशाविषयीं बोलावें लागत नाहीं. तसेंच तें ‘झॉलीवूड’ हें नांव. २०२२ सालीं त्या नांवाचा चित्रपटहि निघाला. तो करणाऱ्यांचा हेतु चांगलाच होता. परंतु ज्या नटाला कोठेंहि चढून जावयाचें नाहीं त्याच्या गळ्यांत परक्या शिडीची पायरी कां अडकवावी?

कारण बर्फावरील खेळाडू आणि आमचा नट यांत पहिला भेद हाच आहे. त्या खेळाडूच्या डोक्यावर सदैव एक शिखर असतें, आणि त्याचें आयुष्य तें किती जवळ आलें यावर मोजलें जातें. इंग्लंडांतल्या फिरत्या नटांचेंहि तसेंच. एडमंड कीन वर्षानुवर्षें खेड्यापाड्यांत पोटासाठीं नाचला. १८१४ सालीं लंडनास ड्रुरी लेनमध्यें त्यानें शायलॉक केला, हॅझ्लिटनें त्याच्यावर लिहिलें, आणि मागची सारी पायपीट सार्थकीं लागली असें चरित्रकार म्हणतात. जे लंडनास पोंचले नाहींत त्यांचें काय, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या त्या गृहस्थांना पुण्यामुंबईस जाण्याची इच्छा कधीं झाली होती काय, असें आम्हीं विचारलें. त्यांना प्रश्नाचा रोंखच कळला नाहीं. तेथें जाऊन काय करावयाचें? धान कोण कापील?

दुसरा भेद मात्र आमच्या नटाच्या विरुद्ध जातो. सिलिंजर शिखरसंस्थेंत किती सामने खेळला? एक हजार एकूणपन्नास. त्यांतील प्रत्येकाची तारीख, स्थळ, गोल, शिक्षेचीं मिनिटें, सारें नोंदलेलें आहे. आम्ही नागपुरांत बसून तें पाहूं शकलों. खेळाडू सामान्य, पण त्याची वही असामान्य. आमच्या नटाच्या तीस-पस्तीस हंगामांची वही नाहीं. राज्य शासन वृद्ध साहित्यिक व कलावंत यांस मानधन देतें. अर्जासोबत कारकीर्दीचे पुरावे जोडावे लागतात. या गृहस्थांनीं अर्जाचा विचार केला तेव्हां कोणी तरी त्यांना पुरावे मागितले. पुरावा म्हणजे नाटकाचीं हस्तपत्रकें. पत्र्याच्या पेटींत होतीं त्यांतलीं वाळवीनें खाल्लीं, कांहींवर घरच्यांनीं चुलींत जाळ केला, अकरा शिल्लक राहिलीं. त्या अकरांतल्या चारांवर त्यांचें नांव. एकांत आडनांव चुकलेलें. बाकीच्यांत ते ‘व इतर कलावंत’ यांत सामावलेले. “एवढे कागद कोन ठेवते जी?” ते म्हणाले.

हा प्रश्न त्यांनीं सहज केला, पण तो आम्हांस लागला. कागद ठेवणें हें नटाचें काम नव्हे. तें आमचें काम होतें. ज्या चार जिल्ह्यांत हंगामभर रात्रीमागून रात्र नाटकें होतात, तेथल्या महाविद्यालयांत आम्ही मराठी व इंग्रजी नाट्यवाङ्मय शिकवितों, आणि कालच्या रात्रीं शेजारच्या गांवीं कोणतें नाटक झालें, त्यांत बाप कोणी केला, याची एक ओळहि आमच्या दप्तरीं नाहीं. विद्यापीठ गडचिरोलीस आहे, ग्रंथालयें आहेत, प्रबंध लिहूं इच्छिणारीं मुलें आहेत. प्रत्येक महाविद्यालयानें हंगामांतलीं हस्तपत्रकें जमवून, तारीख टाकून, छापील नांवांत जें नाहीं तें विचारून पेन्सिलीनें लिहून ठेवलें, तर पांच वर्षांत अशी वही तयार होईल कीं तिच्यावरून समीक्षाहि लिहितां येईल आणि एखाद्या म्हाताऱ्याचा अर्जहि पुरा होईल. यास पैसा लागत नाहीं.

प्रयोग संपला तेव्हां सहा वाजत आले होते. थंडी कडक होती. गाडीवर पडदे चढत होते. बापानें खोबरेल तेलानें रंग उतरविला, चहा घेतला, आणि आज रात्रींचें गांव कोणतें, मधल्या रानांत वाघाची वर्दळ आहे म्हणून कोणत्या वाटेनें जावयाचें, याची व्यवस्थापकाशीं चौकशी केली. नंतर ते आमच्याकडे वळून म्हणाले, “सर, तुमच्या वहींत तो कागद होता, तो मले देता का?” रात्रीं दारांत मिळालेलें त्या नाटकाचें हस्तपत्रक आम्हीं वहींत खूण म्हणून घातलें होतें. आम्हीं तें काढून दिलें. त्यांनीं तें विजेच्या दिव्याखालीं धरून पाहिलें. त्यावर त्यांचें नांव नव्हतें. बापाचें काम मुळांत दुसऱ्याचें होतें, तो ऐन वेळीं तापानें पडला म्हणून यांस बोलाविलें होतें.

आम्हीं पत्रक परत घेऊन त्याच्या पाठीवर त्यांचें नांव, भूमिका, गांव व तारीख लिहिली, प्रयोग स्वतः पाहिल्याचें नमूद केलें, आणि खालीं हुद्द्यासह सही केली. कचेरींत तें चालेल कीं नाहीं हें त्यांना ठाऊक नव्हतें, आणि आम्हांसहि नाहीं. त्यांनीं कागदाची चौघडी करून खिशांत ठेवली व ते गाडींत जाऊन बसले.